यादीत किनाऱ्याच्या नावासमोर वेळही लिहा: समुद्राकडे निघालेल्या निसर्गप्रेमींना खुले पत्र

प्रिय निसर्गप्रेमी मित्रमैत्रिणींनो,

सुट्टी जवळ आली की तुमच्याकडून ठरलेला प्रश्न येतो, "यंदा कुठला समुद्रकिनारा बघू? गर्दी नको, निसर्ग हवा." मी दोन-चार नावं सांगते आणि नंतर हळहळत राहते. नुसतं नाव सांगितलं की निम्मंच उत्तर दिलेलं असतं. उरलेलं निम्मं सांगायला सवड लागते, म्हणून हे पत्र.

माझी विनंती एकच आहे. किनाऱ्याचं नाव विचारण्याआधी वेळ विचारा. कुठला महिना, कुठली तिथी, दिवसाचा कुठला प्रहर. डोंगर, किल्ला किंवा लेणं पाहायला गेलात तर ते सकाळी असतं तसंच संध्याकाळी असतं. किनाऱ्याचं तसं नाही. सहा तासांत त्याचं रूप असं पालटतं की आपण त्याच जागी उभे आहोत यावर विश्वास बसू नये.

हे मला ऐकून कळलं नाही, अनुभवानं कळलं. काही वर्षांपूर्वी फोटो पाहून एका किनाऱ्यावर गेले होते. पोहोचायला भर दुपार झाली. भरती पुरती चढलेली, पाणी थेट वरच्या दगडांना लागलेलं, आणि फोटोतल्या त्या लांबरुंद पुळणीची जेमतेम चार पावलांची पट्टी उरलेली. अर्ध्या तासात परत फिरले. "काही खास नाही" असं चार जणांना सांगितलंही. पुढच्या वर्षी दुसऱ्याच कामाने त्या बाजूला जाणं झालं. पौर्णिमा होऊन एक दिवस झाला होता. पहाटे जाग आली म्हणून सहज खाली उतरले, तर समुद्र कुठल्या कुठे मागे गेला होता. आदल्या वर्षी पाण्याखाली असलेले खडक उघडे पडले होते, आणि त्यांच्या खळग्यांत साठलेल्या एकेका डबक्यात एकेक संसार चालू होता. समुद्रफुलं आपले हात पसरून बसलेली, बोटाच्या पेराएवढे मासे सावली पडताच कपारीत पळणारे, शंख पाठीवर घेऊन लगबगीनं निघालेले खेकडे. मी दोन तास एका डबक्यापाशी बसून होते. गेल्या वर्षी हे सगळं इथेच होतं, माझ्यापासून शंभर पावलांवर, फक्त पाण्याखाली. ज्या चार जणांना "खास नाही" म्हणाले होते, त्यांना नंतर फोन करून सांगितलं की मी चुकीच्या वेळी गेले होते.

तर आधी भरती-ओहोटी. हे गणित अवघड नाही. जगातल्या बहुतेक किनाऱ्यांवर साधारण २४ तास ५० मिनिटांत दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होतात, म्हणून रोजची वेळ आदल्या दिवसापेक्षा सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते. अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास सूर्य आणि चंद्र यांची ओढ एका रेषेत येते आणि उधाण येतं: पाणी खूप वर चढतं, तितकंच खूप मागे जातं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, म्हणजे चढउतार बेताचा. खडकांतलं जग पाहायचं असेल तर उधाणाच्या दिवसांतली ओहोटी निवडा. ओहोटीच्या नीचांकाच्या दोन तास आधी पोहोचा, मागे सरकणाऱ्या पाण्याच्या मागोमाग आत जा आणि पाणी वळलं की तुम्हीही वळा. भरती-ओहोटीचे तक्ते जवळपास प्रत्येक बंदरासाठी वर्षभर आधी तयार असतात. राहण्याची जागा ठरवण्याआधी तो तक्ता उघडा. आपण उलटं करतो: आधी खोली, मग तारीख, आणि समुद्राची वेळ शेवटी, तीही आठवलीच तर.

जागेजागेचा फरकही केवढा असतो! कॅनडातल्या फंडीच्या उपसागरात भरती आणि ओहोटी यांच्यातला फरक सुमारे १६ मीटरपर्यंत जातो, म्हणजे चार-पाच मजली इमारतीएवढा. तिथल्या होपवेल रॉक्सपाशी ओहोटीला तुम्ही समुद्राच्या तळावर चालता, आणि काही तासांनी त्याच जागेवरून होड्या जातात. त्याउलट भूमध्य समुद्राच्या बऱ्याच किनाऱ्यांवर हा फरक वीतभरही जाणवत नाही. ओडिशातल्या चांदीपूरला समुद्र ओहोटीला काही किलोमीटर मागे जातो, आणि जिथे सकाळी लाटा होत्या तिथे दुपारी नक्षी पडलेली ओली वाळू दूरवर पसरलेली दिसते. मेक्सिकोच्या आखाताच्या बऱ्याच भागात तर दिवसात एकच भरती येते. तेव्हा एका किनाऱ्याचा अंदाज दुसऱ्याला लावू नका.

तासांसारखंच ऋतूंचं. वाळू जागेवर बसून नसते. वादळी मोसमात उंच, आखूड लाटा पुळणीवरची वाळू ओढून किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर पाण्याखालच्या दांड्यांत नेऊन ठेवतात. शांत मोसमात लांब, सौम्य लाटा तीच वाळू हळूहळू परत आणून घालतात. एका मोसमात मऊ गालिचा दिसणारा किनारा दुसऱ्या मोसमात नुसत्या गोट्यांचा दिसला तर त्याची कुणी नासाडी केली असं लगेच समजू नका. आयर्लंडच्या अकिल बेटावरच्या डुआ गावाची गोष्ट मला फार आवडते. १९८४ मधल्या वादळांनी तिथली सगळी पुळण वाहून नेली आणि खाली फक्त खडक उरले. पुढे ३३ वर्षं ते तसेच होते. २०१७ च्या वसंतात काही दिवसांतच समुद्रानं तिथे पुन्हा शेकडो मीटर वाळू आणून टाकली. एक अख्खी पिढी ज्या किनाऱ्याच्या फक्त आठवणी ऐकत मोठी झाली, तो किनारा तिला बघायला मिळाला.

आता वाळूविषयी थोडं सविस्तर लिहिते, कारण इथे मला स्वतःला आवरता येत नाही. पुढच्या वेळी सोबत दहापट मोठं दाखवणारं एक छोटं भिंग न्या. तळहातावर चिमूटभर वाळू घ्या आणि बघा. बहुतेक ठिकाणी दिसतील ते क्वार्ट्झचे पारदर्शक कण. हे डोंगरातून निघाले, नदीनं हजारो वर्षं घासत आणले, वाटेत बाकीची मऊ खनिजं झिजून गेली आणि हे चिवट तेवढे उरले. पण सगळीकडे तसं नसतं. हवाईतल्या पुनालूउ किनाऱ्याची वाळू काळी आहे, कारण तप्त लाव्हा समुद्राला भिडून फुटला त्याचे ते तुकडे. त्याच बेटावर पापाकोलेआला वाळू हिरवट आहे. जवळच्या जुन्या ज्वालामुखीच्या शंकूतून ऑलिव्हिन नावाचं खनिज सुटं होतं, आणि ते जड असल्यामुळे लाटा हलके कण नेतात आणि हे मागे ठेवतात. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिमेला शार्क बेमध्ये शेल बीच नावाचा किनारा आहे, तिथे वाळूच नाही, नखाएवढ्या पांढऱ्या शिंपल्यांचा खच आहे, कित्येक मीटर जाडीचा. तिथलं पाणी इतकं खारट आहे की त्या शिंपल्यातल्या जिवाला खाणारे शत्रू तिथे टिकत नाहीत, म्हणून तो वाढला, मेला, साचला आणि त्याचाच किनारा झाला.

जपानच्या दक्षिणेला ताकेतोमी आणि इरिओमोते बेटांवर वाळूचे काही कण चक्क चांदण्यांसारखे टोकदार असतात. ती एकपेशीय जिवांची कवचं आहेत. आणि उष्ण प्रदेशातल्या प्रवाळ बेटांवरची ती प्रसिद्ध पांढरीशुभ्र वाळू? तिच्यातला मोठा वाटा पोपटमाशांचा आहे. हे मासे चोचीसारख्या दातांनी प्रवाळाचा दगड खरवडून त्यावरचं शैवाल खातात, सोबत आलेला दगड दळतात आणि वाळू करून बाहेर टाकतात. मोठ्या जातीचा एक पोपटमासा वर्षाला काही शेकडो किलो वाळू तयार करतो. हे कळल्यापासून मला अशी वाळू पाहिली की तिच्यामागचं पाण्याखालचं जिवंत प्रवाळ दिसतं. ते मेलं, मासे गेले, की वाळूची आवकही आटते. त्या बेटांची वाळू अशीच पुरवली जाते, दुसरा डोंगर तिथे नाही.

एवढं पाहून झालं की वाळू तिथेच खाली सोडा. बाटलीत भरून आणू नका. इटलीत सार्डिनियाजवळ बुदेल्ली नावाचं छोटं बेट आहे. तिथली एक पुळण गुलाबी आहे. किनाऱ्याजवळच्या समुद्रगवतावर राहणाऱ्या एका सूक्ष्म जिवाची लाल कवचं मरणानंतर फुटून वाळूत मिसळतात, त्यांचा तो रंग. माणसांनी आठवण म्हणून मूठ-मूठ वाळू नेली, होड्यांच्या नांगरांनी गवत उपटलं, आणि रंग फिका पडत गेला. १९९४ पासून त्या पुळणीवर पाऊल ठेवायला बंदी आहे, ती दुरूनच पाहायची. मूठभर वाळूनं काय होतं, हा प्रश्न तिथे प्रत्येकानं स्वतःला विचारला असणार.

शिंपले आणि शंखही तसेच. लहानपणी मी डबेच्या डबे भरून आणले आहेत, म्हणून कुणाला रागावून सांगत नाही, पण सांगते. शंख पाठीवर घेऊन फिरणाऱ्या खेकड्याचं मागचं अंग मऊ असतं. वाढेल तसं त्याला मोठं घर लागतं आणि ते तो स्वतः बनवू शकत नाही. एखादा मोठा रिकामा शंख सापडला की कधीकधी अनेक खेकडे मोठ्यापासून लहानापर्यंत ओळीनं जमतात. पहिला नव्या घरात शिरला की दुसरा पहिल्याच्या जुन्या घरात, तिसरा दुसऱ्याच्या, अशी सगळ्यांची घरं एका दमात बदलतात. आपण उचललेला तो एक सुंदर शंख अशा अख्ख्या ओळीचा पहिला शंख असू शकतो.

यापुढचा मुद्दा मला सर्वांत कळकळीनं मांडायचा आहे. तुमच्यापैकी पुष्कळ जण किनाऱ्याला "स्वच्छ" आणि "घाण" असे शिक्के मारता. स्वच्छ म्हणजे काय, तर वाळूवर काडीही नको. त्या शिक्क्यासाठी कित्येक ठिकाणी पहाटे यंत्रं फिरतात आणि वाळू विंचरून काढतात. भरती जिथवर चढली तिथे शैवाल, समुद्रगवत, काड्या, पिसं, शिंपले यांची एक वळणावळणाची ओळ राहते. तुम्ही ज्याला कचरा म्हणता तो हाच. खाली वाका आणि ती ओळ जरा उचलून बघा. तांदळाएवढे उड्या मारणारे कवचधारी जीव, माश्या, अळ्या, कोळी यांची तिथे दाटी असते. किनाऱ्यावर तुरुतुरु पळणारे पक्षी त्या ओळीवरच चरतात. त्या ओल्या पसाऱ्यात वाऱ्यानं उडालेली वाळू अडते, बिया अडतात, कुजलेल्यातून खत मिळतं, आणि वाळूच्या टेकडीची सुरुवात होते. भूमध्य समुद्राकाठी पॉसिडोनिया नावाच्या समुद्रगवताच्या वाळक्या पानांचे ढीग हिवाळ्यात किनाऱ्यावर साचतात. ते ढीग वादळी लाटांचा मार स्वतः झेलतात आणि खालची वाळू टिकते. पाहुण्यांना नको म्हणून ते ढीग उचलले जातात, त्यांच्यासोबत वाळूही जाते, आणि पुढे त्याच पाहुण्यांसाठी बाहेरून वाळू आणून टाकावी लागते.

सगळीकडे हे सारख्याच प्रमाणात लागू नाही, हेही मान्य करते. २०११ पासून कॅरिबियन किनाऱ्यांवर सरगॅसम शैवालाचे इतके प्रचंड लोट येतात की ते कुजून माणसांना आणि माशांनाही त्रास होतो, तिथे ते काढावंच लागतं. पण नेहमीच्या, पसाभर शैवालाच्या ओळीला घाण म्हणणं सोडा. प्लास्टिक, दोरखंड, जाळ्यांचे तुकडे हातानं वेचा, बाकी सगळं राहू द्या. तुम्ही किनाऱ्याचं कौतुक करताना "इथे शैवालाची ओळ जागेवर आहे" असं म्हणायला लागलात, तर यंत्रं फिरवणाऱ्यांना विचार करावा लागेल. ती यंत्रं तुमच्या आवडीसाठीच फिरतात.

त्या ओळीच्या वर, कोरड्या वाळूत, उष्ण प्रदेशातल्या किनाऱ्यांवर एक वेल पसरलेली दिसते. जांभळट फुलं, मधोमध दुभंगलेली पानं. आपल्या भाषेनं तिला मर्यादावेल म्हटलं आहे. समुद्राची मर्यादा जिथे संपते तिथे ती सुरू होते. तिच्या बिया पाण्यावर तरंगत दूरवर जातात, म्हणून जगभरातल्या उष्ण किनाऱ्यांवर ती भेटते. तिची मुळं वाळू धरून ठेवतात. गाडी उभी करायला, चटई अंथरायला, जवळच्या वाटेनं उतरायला आपण तीच जागा निवडतो. तिच्यावरून चालू नका. आखलेली पायवाट किंवा लाकडी वाट लांब पडली तरी तिनंच जा.

दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाउनजवळ बोल्डर्स नावाच्या किनाऱ्यावर लाकडी वाटेचा फार चांगला उपयोग केला आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे आफ्रिकी पेंग्विनची एक-दोन जोडपी घरटं करायला आली आणि त्यांची वसाहत झाली. लोक उंचावरच्या वाटेवरून चालतात, खाली पेंग्विन आपल्या कामात असतात, आणि दोघांनाही एकमेकांचा त्रास होत नाही. हा पक्षी आता नामशेष होण्याच्या काठावर आहे. २०२४ मध्ये त्याची नोंद अतिसंकटग्रस्त प्रजातींत झाली.

रात्रीच्या किनाऱ्याबद्दल लिहायचं तर एक वेगळं पत्र लागेल, पण थोडं सांगतेच. ओडिशातल्या गहिरमाथा आणि ऋषिकुल्या किनाऱ्यांवर, तसंच कोस्टारिकातल्या ओस्तिओनालला ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या हजारोंच्या संख्येनं एकाच वेळी अंडी घालायला वर येतात. कोकणातल्या वेळाससारख्या ठिकाणी त्या सुट्या-सुट्या येतात आणि राखलेल्या घरट्यांतून निघालेली पिल्लं समुद्राकडे जाताना पाहता येतात. अंड्यांतून नर निघणार की मादी हे वाळूच्या तापमानावर ठरतं: उबदार वाळूत माद्या जास्त, थंड वाळूत नर जास्त. पिल्लू बाहेर आलं की सर्वांत उजळ क्षितिजाकडे धावतं. लाखो वर्षं ते क्षितिज समुद्राचंच होतं. आता ते हॉटेलचं असतं, रस्त्याचं असतं, किंवा तुमच्या हातातल्या मोबाइलचं असतं. म्हणून तिथे जाल तर स्थानिक रक्षकासोबत जा, दिवा लावू नका, पिल्लाला उचलून पाण्यात सोडण्याचा मोह आवरा. तो वाळूवरचा प्रवास त्याचा त्यालाच करू द्यावा.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर डेलावेअरच्या उपसागरात मे-जून महिन्यांत, अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला हॉर्सशू खेकडे वाळूत अंडी घालायला येतात. पाठ घोड्याच्या नालेसारखी, नाव खेकड्याचं, पण नातं कोळ्या-विंचवांशी. ४० कोटी वर्षांहून जुनं हे कूळ आहे, डायनासोर येण्याच्या कितीतरी आधीचं. त्यांची अंडी खायला त्याच सुमारास रेड नॉट नावाचे छोटे पक्षी उतरतात. दक्षिण अमेरिकेच्या टोकापासून निघालेले असतात आणि कॅनडाच्या आर्क्टिक भागात जायचे असतात. दोनेक आठवड्यांत त्यांना वजन जवळपास दुप्पट करायचं असतं, नाहीतर पुढचं उड्डाण आणि पुढची वीण दोन्ही धोक्यात येतात. अशा थव्यात कुणी फोटोसाठी धावत घुसलं की काय बुडतं याचा विचार करा. उलट, लाटेनं उताणा पडलेला एखादा हॉर्सशू खेकडा दिसला तर त्याच्या कवचाच्या कडेला धरून हळूच सुलटा करा. शेपटीला मात्र धरू नका. एवढी मदत तुमच्या हातून होऊ शकते.

पाण्यातला निळा उजेड पाहायचा असेल तर पुन्हा तिथीच. तो उजेड सूक्ष्म जिवांचा असतो, पाणी हललं की ते चमकतात. पोर्तो रिकोच्या विएकेस बेटावरचा मॉस्किटो बे त्यासाठी प्रसिद्ध आहे. चंद्र असलेल्या रात्री गेलात तर तो उजेड फिका पडतो, अमावास्येच्या आसपास गेलात तर वल्ह्याच्या टोकाला ठिणग्या दिसतात. तिथे पोहायला मनाई आहे. अंगावरची मलमं आणि तेलं त्या जिवांना सोसत नाहीत.

आता माझी एक चूक सांगते. एका ओसाड पुळणीवर, वीणीच्या हंगामात, मी कॅमेरा घेऊन कोरड्या वाळूत हिंडत होते. एक चिमणीएवढा पक्षी माझ्यापुढे पंख ओढत, लंगडत पळायला लागला. मला वाटलं जखमी आहे. मदत करावी म्हणून त्याच्यामागे गेले, तो आणखी पुढे, मी आणखी मागे. मग एकाएकी तो सहज उडून गेला. मला काही कळेना. नंतर एका पक्षीनिरीक्षकानं समजावलं: तो चिखल्या होता, आणि पंख मोडल्याचं सोंग करून तो मला घरट्यापासून लांब नेत होता. घरटं म्हणजे वाळूतला नुसता खळगा, अंडी हुबेहूब खड्यांसारखी. मी मुळात जिथे उभी होते, तिथेच कुठेतरी ती असणार. माझं पाऊल त्यांवर पडलं की नाही हे मला आजही माहीत नाही. मी तिथे किती वेळ उभी होते तेही आठवत नाही, आणि तेवढा वेळ ती अंडी उन्हात उघडी होती. तेव्हापासून वीणीच्या मोसमात मी फक्त ओल्या वाळूतून चालते. तुम्हीही तसंच करा. असा लंगडणारा पक्षी दिसला तर जागच्या जागी थांबा, पायाखाली बघा आणि आलात त्याच पावलांनी मागे जा.

"बंद" अशी पाटी दिसली की चिडू नका, हेही सांगायचं आहे. थायलंडमधला माया बे एका चित्रपटामुळे जगभर गाजला आणि दिवसाला हजारो माणसं तिथे उतरू लागली. होड्यांच्या नांगरांनी आणि गर्दीनं प्रवाळ मोडलं. २०१८ च्या जूनमध्ये तो बंद केला, प्रवाळ पुन्हा लावलं, आणि काळ्या पंखटोकांचे शार्क उथळ पाण्यात परत दिसू लागले. २०२२ च्या जानेवारीत तो उघडला, पण आता होड्या बेटाच्या मागच्या बाजूला लागतात, एका वेळी मोजकीच माणसं जातात, आणि दरवर्षी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तो विश्रांतीसाठी बंद असतो. हवाईतल्या हनाउमा बेमध्ये २००२ पासून प्रत्येक पाहुण्याला आधी प्रवाळाविषयीची चित्रफीत पाहावी लागते, मगच पाण्याकडे जाता येतं. मला हे फार पटतं. ज्या किनाऱ्याला सुट्टी मिळते, तो यादीत वरच्या क्रमांकावर ठेवा.

धोक्याबद्दल थोडक्यात, पण गांभीर्यानं. आइसलँडच्या रेनिसफ्यारा या काळ्या किनाऱ्यावर शांत वाटणाऱ्या लाटांमधून अचानक एक लाट खूप वरपर्यंत येते आणि माणसाला ओढून नेते. तिथे जीव गेले आहेत. समुद्राकडे पाठ करून फोटो काढू नका. इंग्लंडमधल्या मोरकॅम उपसागरात ५ फेब्रुवारी २००४ च्या रात्री शिंपले वेचणारे किमान २१ मजूर भरतीत सापडून बुडाले. सपाट पुळणीवर पाणी समोरूनच येतं असं नाही. ते पन्हळींतून आधी मागच्या बाजूला भरतं आणि परतीची वाट बंद करतं. मी वर ओहोटीला आत जा असं लिहिलं, म्हणून ही जबाबदारी माझ्यावर येते: वेळ माहीत नसेल, स्थानिक माणूस सोबत नसेल, तर आत जाऊ नका.

शेवटची विनंती तुमच्या फोटोंबद्दल. किनाऱ्याचा फोटो इतरांना दाखवाल तेव्हा त्याखाली महिना, तिथी आणि भरती होती की ओहोटी एवढं लिहीत जा. पुढच्या माणसाला माझ्यासारखं भर दुपारी चार पावलांच्या वाळूवर उभं राहून परत फिरावं लागणार नाही. आणि फोटोत घरटं, अंडी किंवा वाळूवर आलेलं कासव असेल, तर तिथे नेमकी जागा लिहू नका. जिल्ह्याचं नावही पुष्कळ झालं.

तुमची,
ओल्या वाळूतून चालणारी एक मैत्रीण